लायपोसक्शन करायचा विचार आहे? आधी घरी सांगा

16 मे 2022 रोजी बंगळुरूमध्ये चेतना राज या 21 वर्षांच्या कन्नड मालिका अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. आईवडिलांना तिने आधी कल्पना दिली नव्हती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. पालकांनी डॉक्टरांवर निष्काळजीपणाचा आरोप केला.

अशा बातमीनंतर चार दिवस चर्चा होते आणि मग 'एका दिवसात पोट सपाट' अशा जाहिराती पुन्हा दिसू लागतात. लायपोसक्शन सरसकट वाईट नाही. योग्य व्यक्तीवर, योग्य ठिकाणी केल्यास ते बहुतेक वेळा सुरळीत पार पडते. मात्र ती शस्त्रक्रिया आहे आणि तिच्याकडून काय मिळते, काय मिळत नाही, हे आधी समजले पाहिजे.

कोणती चरबी निघते?

पोटावर दोन थर असतात. त्वचेखालची, चिमटीत येणारी चरबी आणि आत आतड्यांभोवती साठणारी चरबी. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराशी जास्त संबंध आतल्या चरबीचा असतो. लायपोसक्शनची नळी फक्त वरच्या थरात फिरते.

2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 15 लठ्ठ महिलांच्या पोटावरची सुमारे 10 किलो चरबी काढण्यात आली. दहा-बारा आठवड्यांनी तपासले, तेव्हा इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत विशेष सुधारणा नव्हती.

आपल्याकडे हे का महत्त्वाचे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे 40 टक्के महिलांचा आणि 12 टक्के पुरुषांचा पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. त्यांतील बहुतेकांना गरज आहे ती साखर, रक्तदाब, थायरॉइड तपासून आहार, व्यायाम आणि लागल्यास औषधांची. ज्यांचे वजन जवळपास योग्य आणि स्थिर आहे, पण मांड्या किंवा कंबरेवरची चरबी हटत नाही, त्यांच्यासाठी लायपोसक्शन आहे.

धोका कशात आहे?

चरबीत आधी भूल देणारे औषध मिसळलेले भरपूर सलाइन सोडले जाते. औषधाचे प्रमाण वजनाच्या मानाने जास्त झाले, तर हृदय आणि मेंदूवर परिणाम होतो. रक्तातली त्याची पातळी काही तासांनी, अगदी घरी पोचल्यावरही वाढू शकते. द्रव जास्त झाल्यास फुफ्फुसांत पाणी साठते. पायात झालेली रक्ताची गुठळी किंवा चरबीचे कण फुफ्फुसात अडकू शकतात. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त काढल्यास धोका वाढतो. अशा वेळी रात्रभर रुग्णालयात देखरेख हवी.

हे प्रश्न विचारा

- शस्त्रक्रिया कोण करणार? प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का?
- भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतील का?
- रुग्णालय नोंदणीकृत आहे का? आयसीयू त्याच इमारतीत आहे की कुठे न्यावे लागेल?
- किती लिटर काढणार? घरी कधी सोडणार?

मधुमेह, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, धूम्रपान यांतले काहीही लपवू नका. 2025 पासून भारतात मिळू लागलेली माउंजारो किंवा वेगोव्हीसारखी वजनाची इंजेक्शने घेत असाल, तर भूलतज्ज्ञांना जरूर सांगा. या औषधांमुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो आणि भुलेत अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते.

खर्चाचाही विचार करा. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा सहसा लागू होत नाही. नंतर वजन वाढले, तर चरबी शरीरात दुसरीकडे साठू शकते.

घरच्यांसाठी

दम लागणे, छातीत दुखणे, एका पायाला सूज, गोंधळल्यासारखे बोलणे, लघवी कमी होणे, ताप किंवा वाढत जाणारी वेदना दिसल्यास सकाळची वाट पाहू नका. लगेच आयसीयू असलेले रुग्णालय गाठा.

पण ही लक्षणे ओळखायला घरच्यांना शस्त्रक्रिया झाल्याचे माहीत तरी हवे. 'घरचे ओरडतील' म्हणून अनेक जण गुपचूप जातात. मुलीने किंवा मुलाने हा विषय काढलाच, तर चेष्टा करू नका, रागावू नका. त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा आणि वरचे प्रश्न तुम्हीच विचारा.