पथ्य एकाचे, भीती दहांची

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. कार्यालय नेहमीचे, पंगतही नेहमीची. आमच्या सौभाग्यवतींच्या पानात साधा भात, दही, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि घरून डब्यातून नेलेली ज्वारीची भाकरी. वधूची मावशी जिलबीचे ताट घेऊन आली आणि हिच्यापाशी थबकली. ‘‘वहिनी, एवढीशी घ्या हो. शुभकार्य आहे. तुकड्याने काय होतंय?’’ ही हसून नको म्हणाली. मावशीबाई जराशा हिरमुसल्या. मग त्यांचे लक्ष पानाकडे गेले आणि त्या दचकल्याच. ‘‘अगंबाई! दही आणि दाणे चालतात तुम्हाला? तुमचं ते लीकी गट आहे ना? दूध, दाणे, वांगी, टोमॅटो सगळं बंद करायचं असतं त्यात!’’

मावशीबाईंच्या मनात कपट नव्हते; आग्रहही प्रेमाचा आणि इशाराही प्रेमाचा. पण एका मिनिटात त्यांनी दोन चुका केल्या, आणि त्या दोन्ही आपल्या समाजाच्या आहेत. जिलबी मैद्याची. तिचा तुकडा हिला खरोखर विषासारखा. दही आणि दाणे हिला आता बाधत नाहीत. ज्या एका पथ्यावर वैद्यकाची मोहर आहे ते आपण हसण्यावारी नेतो आणि ज्या दहांना पुरावा नाही ती डोळे मिटून पाळतो. हे मी शहाणपणा मिरवण्यासाठी लिहीत नाही. या दोन्ही चुका मी माझ्या घरात केल्या आहेत आणि त्यांची किंमत हिने मोजली आहे.

हिचे दुखणे तसे जुनेच. पंधराएक वर्षे हिमोग्लोबिन नऊच्या वर जाईना. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाला, बिटाचा रस झाला. पोट फुगे, अधूनमधून जुलाब होत, पायांत गोळे येत. ‘बायकांचे असे चालायचेच’ हे वाक्य आम्ही निरनिराळ्या दवाखान्यांत निरनिराळ्या सुरांत ऐकले. २०१८ साली, माझ्या निवृत्तीला वर्ष उरले असताना, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक वेगळी तपासणी सांगितली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान झाले : सिलियाक. हिचे वय तेव्हा पंचावन्न.

हा आजार म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. ती कुणालाच पूर्णपणे पचत नाहीत. पण काहींच्या शरीरातले संरक्षक दल त्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्यावर हल्ला चढवते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे अंकुर असतात, अन्नरस तेच शोषतात. ते झिजून सपाट होतात. मग कितीही गोळ्या गिळा, लोह रक्तात पोचत नाही. यासाठी विशिष्ट जनुके लागतात, पण ती असणाऱ्या बहुतेकांना आजार होत नाही. उत्तर भारतात झालेल्या पाहण्यांत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला आहे, म्हणजे तो फार दुर्मीळ नाही.

गव्हाचा हा गुन्हा उघडकीस आणला विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला संशय १९३० च्या दशकापासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी नेदरलँड्सची नाकेबंदी केली, लोक ट्युलिपचे कंद खाऊन जगू लागले, आणि डिकेला दिसले की सारा देश उपाशी असताना त्याची ही रोगी मुले मात्र सुधारत होती. पाव परत आला आणि मुले पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. तेव्हापासून आजतागायत उपचार एकच आहे : ग्लुटेन बंद, पूर्ण आणि जन्मभर.

‘पूर्ण’ म्हणजे किती? २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले, तरी आतड्याची हानी दिसली. पावाच्या एका चकतीत साधारण दोन ग्रॅम, म्हणजे त्याच्या चाळीसपट ग्लुटेन असते. तेव्हा ‘तुकड्याने काय होतंय’ याचे उत्तर आकड्यांत आहे : पुष्कळ होते.

आम्ही पोळ्या बंद केल्या. रवा, मैदा, शेवया, कुरडया बंद. भाकरी सुरू झाली. मी सोलापूर जिल्ह्यात वाढलेला. माझ्या लहानपणी पोळी सणाची आणि भाकरी रोजची; पुढे नोकरी लागली, शहर आले आणि भाकरी मागे पडली. ती परत आली याचा मला आनंदच झाला. पण वर्ष उलटले तरी हिचे पोट काही शांत होईना. दूध घेतले की फुगे, भाकरी खाल्ली तरी दुखे, आमटीनेही त्रास. इथे ‘लीकी गट’ हा शब्द आमच्या घरात शिरला. कुणी तरी सांगितले की आतडे गळके झाले आहे, त्यातून अर्धवट पचलेले अन्न रक्तात जाते, म्हणून आता काहीच सोसत नाही. रक्ताची मोठी तपासणी करून घ्या.

ही नको म्हणत होती. आग्रह माझा. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाची छापील तक्त्यावर श्रद्धा असते. चांगली पाच आकडी रक्कम मोजली आणि दोनशेहून अधिक पदार्थांचा रंगीत अहवाल हाती आला. लाल रंगात दूध, दही, अंडी, शेंगदाणा, तूर, तांदूळ, वांगे, टोमॅटो, लसूण. मी तो फ्रिजवर चिकटवला आणि इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाच्या कडकपणाने अमलात आणला. हिच्या ताटात मूग, दुधी, वरी, राजगिरा, पेरू एवढे राहिले. सहा महिन्यांत वजन ३९ किलोवर आले. एका रात्री ही ओट्याशी उभी होती. म्हणाली, ‘‘अहो, सगळ्या घराला जन्मभर वाढलं मी. आता मला भूक लागली की भीती वाटते.’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर दिले एका आहारतज्ज्ञ मुलीने. तिने अहवाल पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारले, ‘‘काका, ज्वारी कुठे दळता?’’

कोपऱ्यावरच्या गिरणीत, आणखी कुठे! गिरणीवाल्याला जाऊन विचारले तर तो सरळपणाने म्हणाला, ‘‘साहेब, दिवसभर गहूच असतो. मधे तुमची ज्वारी टाकतो.’’ म्हणजे दर भाकरीत गव्हाचे पीठ. आपल्या देशात ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवण्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. त्या जात्यातून ती पाळली जाणे शक्यच नव्हते. आमटीचा गुन्हेगार निघाला हिंग. शुद्ध हिंग हा चीक असतो, पण बाजारातल्या पुष्कळ हिंगांत गव्हाचे पीठ मिसळलेले असते. तूर बिचारी निर्दोष होती. आणि दूध? दुधातली साखर पचवणारे द्रव्य त्या झिजलेल्या अंकुरांच्या टोकांवरच तयार होते. अंकुर गेले की दूध सोसत नाही, अंकुर उगवले की बहुधा पुन्हा सोसू लागते. ते वर्ज्य तात्पुरते होते.

मग तो अहवाल काय सांगत होता? त्या पदार्थांविरुद्धची एका प्रकारची प्रतिपिंडे मोजली होती, आणि ती निरोगी माणसातही खाल्लेल्या अन्नाविरुद्ध तयार होतात. अशा तपासणीवरून निदान करू नये, असे युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. हिने आयुष्यभर आवडीने काय खाल्ले त्याची ती यादी होती. मी ती फ्रिजवर आरोपपत्र म्हणून लावली होती!

आता ‘गळक्या आतड्या’बद्दल. शब्द अगदीच खोटा नाही. आतड्याच्या पेशी एकमेकींना घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात आणि सिलियाकमध्ये ते सांधे सैल होतात, हे खरे आहे. ते सैल करणाऱ्या झोन्युलिन या प्रथिनाचे वर्णन अलेस्सिओ फसानो यांच्या गटाने २००० साली केले. ते सांधे आवळणारे एक औषध घडवले गेले, त्याच्या चाचण्या शेवटच्या टप्प्यापर्यंत गेल्या आणि २०२२ मध्ये, फायदा दिसण्याची चिन्हे नाहीत म्हणून, थांबल्या. जिथे एवढ्या खटपटीचे औषध हरले तिथे ‘आतडे सांधणाऱ्या’ डब्यांतल्या पावडरी जिंकतील, असे मानायला मी तयार नाही. सिलियाकमध्ये आतडे सांधण्याचा खात्रीचा मार्ग एकच : ग्लुटेनचा कणही आत जाऊ न देणे. मग ते स्वतःच भरून येते. वयस्कांत सावकाश, वर्ष-दोन वर्षे किंवा अधिकही, पण बहुतेकांचे येते.

बँकेत एक ‘सस्पेन्स खाते’ असते. रक्कम कुठल्या खात्याची ते कळले नाही की ती तात्पुरती तिथे टाकतात. तात्पुरती! इन्स्पेक्टर आला की पहिला प्रश्न, सस्पेन्समधल्या जुन्या नोंदी का मिटवल्या नाहीत? वर्ज्य पदार्थांचेही असेच असावे. ग्लुटेनचे खाते कायमचे बंद. त्यावर चर्चा नाही. बाकी ज्याचा संशय येईल तो पदार्थ सस्पेन्समध्ये टाका, तारीख घाला, आणि काही आठवड्यांनी जाणकाराच्या देखरेखीखाली एकेक करून परत ताटात घेऊन पाहा. काहींना खरोखर आणखी काही सोसत नाही, काहींना वेगळी अ‍ॅलर्जी असते, आणि पथ्य चोख पाळूनही त्रास राहिला तर डॉक्टरांनी दुसरे कारण शोधायलाच हवे. पण पुराव्याशिवाय कुठलाही पदार्थ जन्मभर सस्पेन्समध्ये पडून राहू नये.

आणखी एक सांगायलाच हवे. संशय आला म्हणून आधीच गहू सोडू नका. गहू सोडल्यावर तपासणी केली तर आजार असूनही तो सापडत नाही. आधी तपासणी, मग पथ्य. आणि घरात एकाला निदान झाले की आईवडील, भावंडे, मुले यांनीही रक्त तपासून घ्यावे. आमच्या मुलीने घेतले, तिला नाही.

लोक म्हणतात, एवढे काटेकोर वागणे आपल्याला जमत नाही. मला पटत नाही. माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. उपवासाच्या साबुदाण्यात भाताचा चमचा बुडाला तर पातेले बाजूला निघायचे, आणि कुणी ‘एका शिताने काय होतंय’ म्हणत नसे. वेगळा डबा, वेगळी पळी, वेगळे दळण हे सारे आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. देवासाठी जे केले ते आजारी माणसासाठी करायला काय हरकत आहे?

आम्ही घरघंटी घेतली. ज्वारी मी स्वतः निवडतो, दळतो. यादी फ्रिजवरून काढली. दाणे परत आले, मग तूर, मग दही, शेवटी वांगे. दोन वर्षांनी हिचे हिमोग्लोबिन बाराच्या वर गेले, वजन ५१ झाले.

त्या लग्नात मावशीबाईंना हे सगळे सांगावे असे मनात आले होते. पण हिनेच त्यांचा हात धरून शेजारी बसवले, डब्यातल्या भाकरीचा चतकोर त्यांच्यापुढे केला आणि म्हणाली, ‘‘मावशी, तुमचा आग्रह मला पोचला. आता माझा मोडू नका. भाकरीने काही होत नाही.’’

मावशीबाईंनी भाकरी कोशिंबिरीशी खाल्ली. आणि आणखी चतकोर मागून घेतली.