लेखणी विकत घ्यावी की वर्गणीने?

वाराणसीच्या दुर्गाघाट व ब्रह्माघाट परिसरात अनेक पिढ्यांपासून मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. तेथील एका भगिनीने विचारले आहे : सासरे घराण्याच्या जुन्या वह्या संगणकावर उतरवीत आहेत, आपण शिकवण्यांचा हिशेब ठेवतो, मुलगा विद्यापीठात शिकतो, तर लेखनाचे व हिशेबाचे सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यावे, की दरवर्षी वर्गणी भरावी?

प्रथम व्यवहार पाहू. मायक्रोसॉफ्टचे २०२४ चे ‘ऑफिस’ एकरकमी मिळते. पण ते एकाच संगणकापुरते, आणि पुढील आवृत्तीचे मोल निराळे. शिवाय खरेदी कायमची असली, तरी डागडुजी कायमची नसते. २०१६ व २०१९ च्या आवृत्त्यांची सुरक्षाविषयक दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. २०२४ च्या आवृत्तीची मुदत ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे. उलट, वर्गणीच्या कौटुंबिक योजनेत सहा जणांची सोय होते आणि सुधारणा आपोआप मिळतात. म्हणून पाच वर्षांची वर्गणी एकत्र मांडून तिची खरेदीच्या किमतीशी तुलना करावी. घरात वापरणारे तिघे असतील, तर पारडे बहुधा वर्गणीकडे झुकेल. एकटे सासरेच लिहिणार असतील, तर खरेदीकडे.

मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. मासिकाची वर्गणी संपली, तरी जुने अंक कपाटात राहतात आणि आपली दौत-लेखणीही आपल्याजवळच राहते. येथे वर्गणी थकली, की जुने कागद संगणकावर उघडता व छापता येतात. परंतु त्यांत एक अक्षरही बदलता येत नाही. कागद आपला राहतो, लेखणी परत जाते.

तिसरा मार्गही आहे. ‘लिब्रेऑफिस’ विनामूल्य असून मराठीतही वापरता येते. दुसऱ्याने पाठविलेल्या कागदाची मांडणी त्यात क्वचित विसकटते, एवढी उणीव सोसावी लागते. त्याची ‘ओपन डॉक्युमेंट’ ही साठवणीची पद्धत २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक असून ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही.

याचे महत्त्व काशीकरांस सांगावयास नको. सतराव्या शतकात गोदातीराहून काशीस आलेल्या कवींद्राचार्य सरस्वतींचा ग्रंथसंग्रह मोठा होता. त्याची यादी १९२१ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाली; पोथ्या मात्र ठिकठिकाणी पांगल्या. तरीही ज्यांच्या हाती त्या पडल्या, त्यांना त्या वाचता आल्या. कारण लिपीवर कोणाची मालकी नव्हती.

तेव्हा भगिनीने मुलाच्या अभ्यासासाठी वर्गणी खुशाल भरावी. परंतु सासऱ्यांच्या वह्या युनिकोड देवनागरीत व खुल्या पद्धतीत साठवाव्यात आणि त्यांची एक प्रत संगणकाबाहेर ठेवावी. उद्या वर्गणी बंद झाली, तरी नातवंडांना पणजोबांचे अक्षर वाचता आले पाहिजे.