लाईट ज्यूस आणि सोलापूरचं डाळिंब

परवा सोलापूरला घरी गेलो होतो. नेहमीप्रमाणे डिकीत आईबाबांसाठी 'लाईट' डाळिंब ज्यूसची सहा खोकी. बाबांची साखर बॉर्डरवर आहे असं डॉक्टरांनी मागच्या वर्षी सांगितलं, तेव्हापासून गोड बंद आणि हा ज्यूस सुरू, असा फतवा मीच काढला होता. पोरगा पुण्यात इंजिनिअर, त्यामुळे घरात त्याचं ऐकतात :)

या वेळी रिपोर्ट पाहिला तर साखर आणखी वाढलेली. एकट्या ज्यूसवर खापर फोडत नाही, बाबांचं चालणंही कमी झालंय. पण विचारलं, रोज किती पिता?

"दोन-तीन ग्लास होतात की. लाईट आहे म्हणालास ना तू?"

"आणि डाळिंब?"

"ते सोडलं. लई गोड असतंय ते."

घ्या! ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ साली जीआय मिळालं, जिथे केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथल्या माणसाचं डाळिंब मी सोडवलं आणि त्याच्या हातात खोकं दिलं.

रात्री शेवटी ते केलं, जे वर्षभरापूर्वी करायला हवं होतं. खोक्यामागचा तक्ता वाचला. १०० मिलिला साडेपाच ग्रॅम साखर, म्हणजे २०० मिलिच्या ग्लासात ११ ग्रॅम. तीन ग्लासांत ३३. तंतू शून्य.

आता डाळिंब. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ८३ कॅलरी, १४ ग्रॅमच्या आसपास साखर आणि ४ ग्रॅम तंतू. म्हणजे एक वाटी दाणे आणि एक ग्लास लाईट ज्यूस यांच्या साखरेत फारसा फरकच नाही! फरक आहे तो तंतूंचा आणि चावण्याचा. वाटीभर दाणे खायला दहा मिनिटं लागतात, पोट भरल्यासारखं वाटतं आणि साखर रक्तात सावकाश उतरते. ग्लास अर्ध्या मिनिटात रिकामा होतो आणि पुन्हा भरावासा वाटतो.

मग कॅलरी कमी कशा होतात? त्यात जादू काही नाही. रस कमी, पाणी जास्त, आणि गेलेला गोडवा भरून काढायला सुक्रालोज किंवा स्टीव्हिया. तक्त्यावर ९५५ किंवा ९६० असे आकडे दिसले तर ते हेच. अमेरिकेत २००९ साली ट्रॉपिकानाने 'ट्रॉप५०' काढलं, तेही याच हिशोबाने. म्हणजे कॅलरीबरोबर फळही निम्मं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर फाईल छोटी झाली, पण डेटा उडवून.

आता दुसरी बाजू. साधा ज्यूस काही फार थोर नाही. डाळिंबाच्या निव्वळ रसाच्या २०० मिलित साधारण २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिवसभरासाठी जी आदर्श मर्यादा सुचवली ती साधारण एवढीच, आणि त्यात फळांच्या रसातली साखर मोजली जाते, अख्ख्या फळातली नाही. त्यामुळे कोल्ड्रिंक किंवा गोड ज्यूस सुटतच नसेल तर लाईट बरा, हे मान्य. पण वजनासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका, असं त्याच संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय. (आधीच मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावं.)

भाज्यांच्या रसाचंही तसंच. दुधीच्या रसात कॅलरी नगण्य, पण २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला. कमी कॅलरी म्हणजे आरोग्य, हे समीकरणच कच्चं आहे.

आणि लेबलवरचे शब्द? पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढा, असं एफएसएसएआयने जून २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं. आपल्याकडे द्रव पदार्थाला 'लो कॅलरी' म्हणायचं तर १०० मिलिला २० कॅलरीच्या आत असावं लागतं. माझं खोकं २३ वर होतं. 'लाईट' म्हणजे फक्त आपल्या थोरल्या भावापेक्षा हलका, एवढंच.

पण खरी चूक कंपनीची नाही, माझी. मला बाबांची काळजी घ्यायची होती, पण वेळ द्यायचा नव्हता. खोकं डिकीत टाकणं सोपं होतं. त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जाऊन काय खावं, किती खावं हे विचारणं अवघड.

सोमवारी रजा टाकली आणि गेलो. डॉक्टर म्हणाले, फळ खा, पण मोजून, आणि ज्यूस बंद. संध्याकाळी बाबांनी पेपर पसरून डाळिंब सोलायला घेतलं. आईने अर्धी वाटी त्यांच्यापुढे ठेवली, अर्धी माझ्यापुढे. उरलेली खोकी परत घेऊन आलोय.

ऑफिसात वाटीन म्हटलं, पण आता तेही जिवावर येतंय. असो.