संगमा हरले. पण त्यांचं ऐकलं का?



राष्ट्रपतीची निवडणूक २०१२ च्या जुलैत झाली, मतं मोजली, शपथही झाली. तरी वाद मिटला नाही. ५ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने पूर्णो संगमांचा अर्ज फेटाळला आणि बाजारात, मीटिंगला, एसटीत पुन्हा तोच विषय निघाला. काही साथी म्हणतात, "आदिवासी होता म्हणून पाडला." काही म्हणतात, "मतं कमी पडली, हरला. रडायचं कशाला?" दोन्हीकडे आपलीच माणसं आहेत. म्हणून आम्ही संघटनेतली तरुण पोरं आमचं मत मांडतो.

आधी खरं काय ते बघू. राष्ट्रपतीला आपण मत देत नाही. निवडून आलेले आमदार-खासदार देतात. तेव्हा महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताची किंमत १७५ होती, खासदाराची ७०८. या हिशोबाने प्रणव मुखर्जींना ७,१३,७६३ मतं पडली, संगमांना ३,१५,९८७. अर्ध्याहूनही कमी. ज्या राष्ट्रवादीच्या स्थापनेत संगमा होते, तोच पक्ष मुखर्जींकडे होता. शिवसेनाही तिकडेच. देशातले किती आदिवासी आमदार-खासदार त्या पक्षांत होते ते मोजा. तेव्हा मतपेटीत चोरी झाली असं म्हणायला आमच्याकडे काही आधार नाही. संगमांचीही तक्रार ती नव्हती.

त्यांची तक्रार वेगळी होती. ते म्हणाले, मुखर्जींनी उमेदवारी अर्ज भरला तेव्हा ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते. सरकारी लाभाचं पद असलेल्याला राष्ट्रपतीची निवडणूक लढवता येत नाही. मुखर्जींकडून सांगितलं गेलं की २० जूनलाच राजीनामा दिलाय. संगमांची माणसं म्हणाली, राजीनाम्यावरची सही खरी वाटत नाही. निवडणूक अधिकाऱ्याने हरकत फेटाळली. मग प्रकरण कोर्टात गेलं.

कोर्टात पाच न्यायाधीश बसले. तिघं म्हणाले, या पदाला पगार नाही, ते लाभाचं पद होत नाही, पुढे चालवण्यासारखं यात काही नाही. दोघं म्हणाले, नाही, पूर्ण सुनावणी घ्या. तीन विरुद्ध दोन. साक्षीपुरावा न होताच अर्ज संपला.

आमचं म्हणणं इथे आहे. निकाल आम्ही मानतो. मुखर्जी राष्ट्रपती झाले. पण त्या दोन न्यायाधीशांचं म्हणणं आम्हाला पटतं. सुनावणीने कुणाची खुर्ची लहान होत नाही. १९६९ ला व्ही. व्ही. गिरी थोडक्यात निवडून आले, तेव्हाही निवडणुकीला कोर्टात आव्हान दिलं गेलं. साक्षीदार तपासले. राष्ट्रपती असताना गिरी स्वतः कोर्टात येऊन साक्ष देऊन गेले. १९७० ला अर्ज फेटाळला, गिरी राष्ट्रपती राहिले. पण हरलेल्यांना ऐकवून तरी घेता आलं.

कुणी म्हणेल, दिल्लीच्या भांडणाशी आपलं काय? आपल्या दळीशी आहे. वनहक्काचा दावा आपण भरतो, नकाशा काढतो, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लावतो. आणि वर्षाने कळतं, फेटाळला. का? माहीत नाही. कुणी विचारलं? नाही. कायदा काय सांगतो? कलम ६ सांगतं की अपील करणाऱ्याला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा नाही. २०१२ च्या सप्टेंबरात नियम सुधारले, त्यात फेटाळण्याची कारणं लेखी कळवायला सांगितलंय. अपिलाला ६० दिवस. दिवाळी झाली की आपली अर्धी वाडी वीटभट्टीवर. चिठ्ठी घराच्या कुडाला खोचलेली राहते आणि ६० दिवस भट्टीवर चिखल तुडवण्यात जातात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत हरलेल्या माणसाला वकील मिळतो, पाच न्यायाधीश मिळतात. आपल्या कातकऱ्याला प्रांताच्या हापिसातला बाकडासुद्धा मिळत नाही.

आणि आता कडू बोलतो. आपण तरी ऐकतो का? मागे एका वाडीच्या ग्रामसभेत एका विधवा बाईच्या दळीचा वाद आला. दिराकडची माणसं जास्त होती. हात वर झाले, ठराव झाला, सह्या-अंगठे झाले. बाई उभीच होती, तिला कुणी बोलू दिलं नाही. आम्हीही तिथे होतो. आम्हीही गप्प बसलो. त्या दिवशी मोजणी बरोबर होती, पण न्याय नव्हता.

संगमा आदिवासी म्हणून त्यांची बाजू घ्यायची, आणि वाडीतल्या बाईची घ्यायची नाही, हे चालणार नाही. आपला माणूस हरला की "फसवलं" आणि आपला जिंकला की "लोकांनी दिलं", हेही नाही. २००८ च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातल्या २२ गावांत सेझच्या जमिनीवर लोकांचं मत घ्यावं लागलं, कारण गावांनी धरून ठेवलं होतं की आम्हाला विचारा. तोच हट्ट आपण सगळीकडे धरू. जिंकणाऱ्याच्या गावातही आणि हरणाऱ्याच्या गावातही.

तर एवढं करू. ग्रामसभेत हात वर करायच्या आधी ज्याच्या विरुद्ध ठराव जातोय त्याला बोलू द्या, आणि तो काय बोलला ते रजिस्टरात लिहा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. दावा फेटाळला तर लेखी कारण मागा आणि पोच घ्या. भट्टीवर गेलेल्यांची चिठ्ठी आली तर वनहक्क समितीतल्या कुणीतरी वाचावी, तारीख लिहून ठेवावी, फोन करावा. ६० दिवसांची मुदत चुकवू नका.

मत मोजायला सगळेच शिकलेत. हरलेल्याचं ऐकून घ्यायला आपल्या वाडीपासून शिकू.

जिंदाबाद!