सारस वाचवायचा तं बोडी वाचवा



यंदा मिरग कोरडा गेला. पऱ्हे वाळले, दुसऱ्यांदा धान टाकावा लागला. मंग रोवणी झाली न झाली तं एकाच रात्री असा पाऊस कोसळला की बांध्यांचे धुरे फुटले. हे तुमच्या गावातही झालं असेल. पण याच पावसानं आणखी एकाचं घर बुडते, त्याच्याबद्दल आज लिहायचं आहे.

महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात. ऐन पावसाळ्यात तो बांधीत नाही तं तलावाच्या काठी गवतकाडीचं घरटं करतो. अंडी बहुतेक दोनच. नर-मादी पाळीपाळीनं महिनाभर उबवतात. पिल्लाला उडायला तीन महिने लागतात. पाऊस उशिरा आला तं घरटं उशिरा, एकदम आला तं अंडी पाण्यात. आपल्याला दुबार पेरणी तरी करता येते, त्याचं तं बहुतेक वर्षच जाते. उन्हाळ्यात अवकाळी पाऊस आला की मोहफूल सडते. आपली मजुरी बुडते अन् अस्वलाचं पोटही.

हे का होते? कोळसा, डिझेल जाळून शंभर-दीडशे वर्षांत पृथ्वीचं तापमान एक अंशाहून जास्त वाढलं. गरम हवा जास्त ओल धरून ठेवते. म्हणून पाऊस खंड पाडतो, अन् येतो तेव्हा कोसळतो. हा धूर आपल्या चुलीचा नाही. पण जंगल राखायची गोष्ट निघाली की आधी बोट आपल्याकडेच दाखवतात. नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. माणूस हटला की वन्यजीव वाचेल, असं आपल्याला सांगतात.

मंग आमचा एक सवाल आहे. नवेगावचा बांध काय देवानं खोदला? कोलू पाटील कोहळीनं तो बांधला, असं जुने लोक सांगतात. डोंगरांच्या मधात माणसांनी माती टाकून पाणी अडवलं, म्हणून तर हिमालयापलीकडची बदकं थंडीत इथं उतरतात. सारस तर आपल्या धानातच राहतो. माणूस अन् पाखरू इथं एकाच पाण्यावर जगले.

ते पाणीच आता धोक्यात आहे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ भरत गेला, बेशरम माजली. खोल बोडी पावसाचा खंड सोसते, मोठा पाऊसही पोटात घेते. उथळ बोडीला दोन्ही जमत नाही. आपल्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर भावांनी काही तलावांतली बेशरम उपटली, तळ नांगरला, गाद, चिला, देवधान अशा देशी पाणवनस्पती लावल्या. मासे वाढले, पाखरंही परतली.

म्हणून येत्या ग्रामसभेत हे ठराव घ्या. बोडीचा गाळ काढणे अन् बेशरम उपटणे रोजगार हमीत धरा. सारसाचं घरटं दिसलं तं त्या बांधीत फवारा मारू नका, घरट्याभोवतीचा धान उभा ठेवा, अन् तेवढ्या धानाची भरपाई सरकारकडे मागा. आणि एक गोष्ट आपल्याच घरची. मोहाखालचा पाला जाळताना आग जंगलात जाते, जमिनीवरची अंडी-पिल्लं जळतात. पाला झाडून गोळा करू, जाळू नका.

शेवटची गोष्ट कागदाची. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे, चराई अन् पाणवठ्यांवर गावाचा सामूहिक हक्क आहे. कलम ५ प्रमाणे जंगल, वन्यजीव अन् पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. हक्क ठरल्याशिवाय अन् ग्रामसभेची लेखी संमती असल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. ज्या गावानं सामूहिक दावा टाकला नाही, त्यानं या महिन्यात टाकावा. दाव्यात बोडीचं नाव लिहायला विसरू नका. बोडी आपली झाली तरच तिच्यावरचा सारस आपण राखू शकू.

जल, जंगल, जमीन – ग्रामसभेच्या हाती!