कामगाराच्या नावाने बोलावे कोणी?

दिवा–पनवेल मार्गावर नावडे रोड हे एक लहानसे स्थानक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांस एक प्रश्न विचारण्यात आला : तुमच्या वतीने प्रशासनाशी बोलण्याचा अधिकार कोणत्या संघटनेस द्यावयाचा? कर्मचाऱ्यांनी गुप्त मतदान करून त्याचे उत्तर दिले. या स्थानकाच्या शेजारीच तळोजा औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. रसायनांच्या आणि यंत्रसामग्रीच्या त्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारास मात्र आपल्या राज्याच्या कायद्याने हा प्रश्न कधी विचारलाच नाही. रुळाच्या एका बाजूस मताला मोल आणि दुसऱ्या बाजूस पावतीला, हा भेद कोणत्या न्यायाने समर्थनीय ठरतो?

कामगारास संघटना स्थापण्याचा हक्क १९२६ च्या कायद्याने दिला. परंतु त्या संघटनेशी मालकाने बोललेच पाहिजे, असे बंधन त्या कायद्याने घातले नाही. १९४७ साली तशी दुरुस्ती मंजूर झाली. ती अमलात मात्र कधीच आली नाही. ही उणीव मुंबई प्रांताने आपल्यापुरती १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने भरून काढली. त्याने ‘प्रातिनिधिक संघ’ ही कल्पना रूढ केली. हा मान मिळालेल्या संघाचा करार त्या धंद्यातील सर्व कामगारांवर बंधनकारक झाला. तो मान ठरावयाचा सभासदांच्या नोंदवहीवरून. कामगाराच्या मताला तेथे जागा नव्हती.

या व्यवस्थेची कसोटी १८ जानेवारी १९८२ रोजी लागली. त्या दिवशी मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा प्रतिनिधी होता राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार ज्याच्या मागे गेले त्याच्याशी बोलण्याची कायद्याने सक्ती नव्हती, आणि कायदा ज्याला ओळखत होता त्याचे कामगार ऐकत नव्हते. हा कायदाच रद्द करावा, अशी संपकऱ्यांची एक मागणी होती, हे आज पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरणगाव मात्र उजाड झाले. गिरण्या बुडण्यास अनेक कारणे होती हे खरे. तथापि खरा प्रतिनिधी कोण, हे वेळीच मतपेटीत ठरले असते, तर निदान बोलणी तरी झाली असती, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

इतर कारखान्यांसाठी महाराष्ट्राने १९७१ साली निराळा कायदा केला व तो १९७५ पासून अमलात आला. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात ज्या संघटनेचे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असतील, तिने औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागावी, अशी ही योजना. मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली मान्यता न्यायालयाच्या निर्णयावर आली, ही त्या कायद्याची मोठी कामगिरी आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु मोजावयाच्या त्या वर्गणीच्या पावत्या आणि सभासदांची नोंद. एका प्रकरणात औद्योगिक न्यायालयाने संघटनांच्या संमतीने गुप्त मतदान घेतले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केले की, या कायद्यात मतदानाला स्थान नाही आणि पक्षांच्या संमतीनेही ते आणता येणार नाही.

सभासदत्वाच्या पडताळणीचे समर्थक म्हणतात की, मत हा एका दिवसाचा आवेश असतो, तर महिनोगणती वर्गणी भरणे ही निष्ठा असते. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. भडक वचने देऊन एका दिवसापुरती मते मिळवणारे पुढारी आपण पाहिले आहेत. परंतु एकच कामगार दोन संघटनांच्या पावत्या फाडतो. एक मनापासून आणि दुसरी मुकादमाच्या धाकाने. यांतली खरी कोणती, हे वही सांगू शकत नाही. ते फक्त पडद्याआडचा हात सांगू शकतो. आमदार निवडताना ज्याच्या विवेकावर आपण विश्वास ठेवतो, तोच मनुष्य कारखान्याच्या फाटकातून आत शिरताच अविवेकी होतो काय?

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आहे. एकाहून अधिक संघटना असतील तेथे हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाटी करील. तसे बहुमत कोणासच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची परिषद बनेल. मान्यतेची मुदत तीन वर्षे, आणि परस्परसंमतीने अधिकात अधिक पाच. हे पाऊल पुढचे आहे. पण पाठिंब्याची पडताळणी कशी करावयाची, हे संहितेने नियमांवर सोपवले आहे, आणि सारे मर्म तेथेच आहे. जुन्या वहीनेच जर ५१ टक्के मोजावयाचे असतील, तर आकडा बदलला, रोग तोच राहिला. शिवाय संहितेने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांच्या यादीत महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याचे नाव नाही. दोन कायद्यांच्या ओढाताणीत कामगार वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवील, हे राज्य सरकारने होऊ देता कामा नये.

आणखी एक गोष्ट. कंत्राटी कामगाराचे नाव मुख्य मालकाच्या हजेरीपटावर नसते. मालक व कामगार हे नाते निर्विवाद असल्यावाचून १९७१ च्या कायद्याखाली त्याची तक्रार चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. ज्यांच्या भातशेतीवर या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांची मुले कंत्राटदाराच्या वहीत अडकली, तर ५१ टक्के मोजले जातील ते उरलेल्यांतून. बहुमताचा हिशेब मतदारयादी आखडून करणे ही लोकशाही नव्हे.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक कारखान्यात मान्यता गुप्त मतदानाने ठरावी. ते मतदान मालकाच्या कचेरीत न होता कामगार खात्याच्या देखरेखीखाली व्हावे. आणि कंत्राटी कामगारासही आपला प्रतिनिधी निवडता येईल, अशी तरतूद व्हावी. जो करार आपल्याला बांधून घेणार, त्यावर सही कोणाची असावी, हे ठरवण्याचा अधिकार कामगाराचा आहे. तो त्याला मिळाला नाही, तर तो आपले मत रस्त्यावर उतरून देईल. आणि ते मतदान किती महाग पडते, हे मुंबईइतके दुसऱ्या कोणत्या शहरास ठाऊक आहे?