दाराला कुलूप, खिडकी उघडी

बँकेचे खाते असो वा परीक्षेचा अर्ज, संगणकावर एकदा परवलीचा शब्द दिला की पुढच्या प्रत्येक पानावर तो पुन्हा विचारला जात नाही. ही किमया 'कुकी' नामक चिमुकल्या नोंदीची. १९९४ साली नेटस्केपमधील लू माँटुली यांनी ती योजली. सर्व्हर ही नोंद ब्राउझरच्या हवाली करतो आणि पुढे तीच आपले ओळखपत्र ठरते. साहजिकच ती ज्याच्या हाती पडेल, तो परवलीचा शब्द न जाणताही आपल्या नावाने वावरू शकतो.

पानात परक्याने घुसविलेली स्क्रिप्ट ही नोंद वाचू शकत असे. त्यावर मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये 'एचटीटीपी-ओन्ली' हे बंधन आणले. तशी खूण असलेली कुकी सर्व्हरकडे जाईल, स्क्रिप्टला मात्र दिसणार नाही. उपाय उत्तम होता. परंतु २००३ च्या जानेवारीतच जेरेमाया ग्रॉसमन यांनी दाखवून दिले की, 'ट्रेस' ही विनंती आल्यास सर्व्हर ती कुकीसह जशीच्या तशी परत धाडतो आणि स्क्रिप्टला ते उत्तर वाचता येते. फायरफॉक्सने हे बंधन २००७ मध्ये स्वीकारले. तेथेही सर्व्हरच्या उत्तराचे शीर्षभाग वाचून कुकी मिळविता येत असे. ही फट फेब्रुवारी २००९ मध्ये, ३.०.६ या आवृत्तीत बुजविण्यात आली.

दोन्ही वेळी नियम चुकीचा नव्हता. तो एकाच दारावर टांगला होता, एवढेच. गोपनीय फाईल कपाटात कुलूपबंद आणि तिची नक्कल आवक-जावकच्या टेबलावर, असा हा प्रकार! बंधन घालावयाचे तर ते वस्तूवर घालावे, एका वाटेवर नव्हे.

हा तज्ज्ञांचा प्रश्न आहे, असे म्हणून आपणांस मोकळे होता येणार नाही. मोझिलाने दोष जाहीर केला व दुरुस्ती विनामूल्य दिली, हे योग्यच झाले. परंतु दुरुस्ती जाहीर होताच फटीचा पत्ताही जगजाहीर होतो. जुन्या आवृत्तीस चिकटून राहणाऱ्याचा धोका त्या दिवसापासून वाढतो. म्हणून शाळा-कचेऱ्यांतील सामाईक संगणक अद्ययावत ठेवणे ही संस्थाचालकांची जबाबदारी होय. ती शिक्षकाच्या वा कारकुनाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. काम संपताच खात्यातून रीतसर बाहेर पडणे, हे मात्र ज्याचे त्याने पाळावयाचे पथ्य आहे.